रंगकामांत वेळ कोठें जातो?

घराच्या भिंतींस आंतून रंग देतांना कोणतीं हत्यारें वापरावीं, हा विषय मासिकाच्या पानांवर येण्याजोगा आहे काय, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. हें काम रंगाऱ्याचें. आपण फार तर रंगाची छटा निवडावी, पैसे मोजावे आणि चार दिवस धुळींत व वासांत कसेबसे काढावे, अशी सुशिक्षित कुटुंबांतून रूढ झालेली समजूत आहे. परंतु ज्या कामाचें मर्म आपणांस ठाऊक नाहीं, तें दुसऱ्याकडून नीट करून घेणेंही आपणांस साधत नाहीं, हा संसारांतला रोजचा अनुभव होय. शिवाय हवा तेव्हां चांगला रंगारी मिळतोच असें नाहीं. मग एखाददुसरी खोली घरच्या माणसांनीं मिळून रंगवून काढण्याचा प्रसंग कोणावरही येऊं शकतो. अशा वेळीं बाजारांत गेलें म्हणजे काम लवकर उरकून देणारीं म्हणून जीं नानाविध साधनें दुकानदार पुढें मांडतो, त्यांपैकीं कोणतें खरोखर वेळ वाचवितें आणि कोणतें नुसता पैसा खर्च करवितें, याचा विवेक सांगावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा विवेक मला ग्रंथांतून लाभलेला नाहीं; चुका करून लाभला आहे, हें आरंभींच कबूल करतों. आमच्या कन्येचा साखरपुडा घरींच करावयाचें ठरलें होतें. समारंभाला नऊ दिवस उरले असतां ठरविलेल्या रंगाऱ्याच्या घरीं आजारपण आलें आणि तो गांवीं निघून गेला. त्याला दोष देण्याचें कारण नव्हतें; परंतु बैठकीच्या खोलींत भिंतींचे पोपडे मात्र तसेच लोंबत राहिले. अखेर मी, चिरंजीव, सूनबाई आणि स्वतः वधू अशा चौघांनीं काम अंगावर घेतलें. मीं लगोलग बाजार गांठला, आणि रोलर, चाकें लावलेली कांठ रंगविण्याची पट्टी, चिकटपट्टीचीं वेटोळीं व भिंत घासण्याचें विजेचें यंत्र असा सारा सरंजाम घेऊन घरीं परतलों. खुर्चींत बसून जप करीत असलेल्या आमच्या मातोश्रींनीं तो पसारा पाहिला व त्या एवढेंच म्हणाल्या, "अरे, हत्यारें एवढीं आणलींस, पण आधीं भिंत पाहिलीस का?"

त्या वेळीं मला तो प्रश्न जुन्या वळणाचा वाटला. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत माझें मत बदललें.

आधीं भिंत

आमचें घर जुनें. भिंतींवर कित्येक वर्षें दिवाळीच्या आधीं चुन्याचा हात फिरत असे. पुढें त्यावरच डिस्टेंपर चढलें. मीं त्या भिंतीवरून नवा कोरा रोलर उत्साहानें फिरविला. पहिले पांचसहा हात उत्तम बसले. नंतर रोलर वर जाऊन खालीं येतांना त्याला ओली साल चिकटून येऊं लागली, आणि पाहतां पाहतां हातभर रुंदीचा पोपडा सुटून जमिनीवर पडला. चुन्याचा थर भिंतीला घट्ट धरून नसतो. त्यावर पाण्याचा रंग चढला कीं खालचा थर भिजून मऊ होतो. वरचा रंग चिकट असल्यामुळें रोलरबरोबर तो उचलला जातो. आणि जो भाग त्या वेळीं तगतो, तोही पुढें रंग वाळून आवळूं लागला म्हणजे सुटतो. यांत रोलरचा कांहीं दोष नाहीं. कुंचा हळूहळू चालतो म्हणून त्याच्या हातून हीच चूक हळूहळू होते. रोलर जलद चालतो म्हणून ती जलद झाली, इतकेंच.

ही आपत्ति टाळण्याचे उपाय अगदीं सोपे आहेत. भिंतीवर तळहात जोरानें फिरवावा. हाताला पांढरी भुकटी लागली तर तो थर नव्या रंगाचें वजन सोसणार नाहीं असें समजावें. दुसरी परीक्षा चिकटपट्टीची. पट्टी भिंतीवर दाबून बसवावी आणि झटक्यासरशी ओढावी. तिच्याबरोबर टवके आले तर तेथें खरवडणें आलेंच. तिसरी परीक्षा ओलीची. प्लास्टिकच्या पातळ कागदाचा फूटभर तुकडा चारही कडा चिकटवून भिंतीवर एक दिवस ठेवावा. त्याच्या आंतल्या अंगास दंव धरलें तर ओल भिंतींतूनच येत आहे, आणि तिचा उगम बंद केल्यावांचून रंगावर केलेला सर्व खर्च पाण्यांत जाणार, हें निश्चित. आपल्याकडे पावसाळा संपून नवरात्र लागलें कीं दिवाळीच्या धांदलींत रंगकामें निघतात. परंतु चार महिने पाणी पीत असलेली भिंत त्या वेळीं सुकलेली असतेच असें नाहीं. नव्या गिलाव्यालाही निदान चार आठवडे द्यावे. त्यांतला क्षार ओला असतांना वर बसलेला रंग पुढें फिका पडतो व सुटतो.

खरवडण्याला रुंद पत्ती, खांचा व भेगा भरण्याला लांबी, आणि ती वाळल्यावर गुळगुळीत करण्याला कागद, एवढीं या कामाचीं हत्यारें. यांत वेळ वाचविण्याची एकच युक्ति आहे. भेगेकरितां दोनतीन इंचांची व मोठ्या भागाकरितां आठदहा इंचांची, अशा दोन पत्त्या जवळ असाव्या. अरुंद पत्तीनें मोठा भाग भरला कीं प्रत्येक फटकाऱ्याची कड उमटते व ती घासण्यांत दुप्पट वेळ जातो. भिंतीच्या अगदीं कडेला दिवा धरून उजेड तिरपा पाडला म्हणजे दिवसा न दिसणारे उंचवटे व खळगे स्पष्ट दिसतात. हें पाहण्याचें काम रंग लावण्याआधीं करावें. नंतर केल्यास केवळ पश्चात्ताप पदरीं येतो.

यंत्राचा मोह

आतां मी आणलेल्या विजेच्या यंत्राची हकीकत सांगतों. कारण या सगळ्या प्रकरणांत खरा धोका तेथेंच होता. भिंती खरवडून झाल्यावर दाराखिडक्यांच्या चौकटी घासावयाच्या होत्या. त्यांवर जुना तेली रंग होता. हातानें घासण्यास दोन दिवस लागले असते. यंत्रानें तें काम तासाभरांत उरकेल, अशा हिशेबानें मीं यंत्राची वायर भिंतींत खुपसली. तोंच सूनबाई आंतून आली. ती रसायनशास्त्राची अध्यापिका आहे.

"बाबा, हा रंग किती सालचा?" तिनें विचारलें.

"तुझ्या नवऱ्याच्या मुंजीच्या वेळचा. १९९८ मधला असेल."

"मग हें यंत्र आज चालवूं नका. बाळ घरांत आहे."

जुन्या तेली रंगांत शिसें असण्याचा संभव मोठा असतो, विशेषतः पिवळ्या व तांबड्या छटांत. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम २०१६ सालीं झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलांत आला. त्यापूर्वींच्या रंगावर असा विश्वास टाकतां येत नाहीं. शिसें लहान मुलांच्या मेंदूस अपाय करतें. इतकें थोडें असल्यास चालेल, असें त्याचें कोणतेंही सुरक्षित प्रमाण जागतिक आरोग्य संघटना मानीत नाहीं. आणि पोटांत गेलेलें शिसें मोठ्या माणसाच्या मानानें लहान मूल चौपटपांचपट शोषून घेतें. आमचा नातू दीड वर्षाचा. जमिनीवरचें जें हातीं लागेल तें तोंडांत घालण्याचें त्याचें वय. यंत्रानें चौकट घासली असती तर ती बारीक धूळ घरभर उडून जमिनीवर, पांघरुणांवर आणि त्याच्या खेळण्यांवर बसली असती, आणि तासाभरांत काम उरकलें म्हणून मी मात्र समाधानानें चहा पीत बसलों असतों.

यंत्र परत पेटींत गेलें. बाळाला घेऊन मातोश्री व वधू तीन दिवस शेजाऱ्यांकडे राहिल्या. आम्हीं खोलीचें दार बंद केलें, जमिनीवर प्लास्टिक पसरलें, तोंडाला एन-९५ जातीची पट्टी बांधली, आणि चौकटीवर पाणी शिंपडीत वॉटर पेपरनें ती ओली ओलीच घासली. निघालेला चिखल फडक्यानें टिपून प्लास्टिकमध्यें गुंडाळून टाकला. झाडू मुळींच लावला नाहीं, दोन वेळां ओल्या फडक्यानें सगळें पुसून घेतलें. जेथें जुना रंग घट्ट बसलेला होता तेथें तो खरवडलाच नाहीं. नुसता धुऊन, किंचित् ओला घासून त्यावर नवा रंग दिला. घट्ट बसलेला जुना रंग झांकून टाकणें हें तो काढण्यापेक्षां पुष्कळदां अधिक सुरक्षित असतें. दिव्याच्या ज्वाळेनें जुना रंग जाळून काढण्याची जी रीत कोठें कोठें दिसते, ती तर अगदीं वर्ज्य समजावी. तिच्यामुळें शिशाची वाफ सरळ श्वासांत जाते.

खोलीचा हिशेब

भिंत तयार झाली म्हणजे खरें रंगकाम सुरू होतें. तें लवकर व्हावें अशी इच्छा असेल तर प्रथम एक कागद घेऊन हिशेब मांडावा. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी एक खोली घेऊं. तिचा घेर ४४ फूट, म्हणून भिंती ४४० चौरस फूट. त्यांतून ७ फूट उंच व ३ फूट रुंद दार आणि ४ फूट चौरस खिडकी वजा केली कीं सुमारें ४०० चौरस फूट उरतात. आतां कांठ मोजूं. छताशीं ४४ फूट, जमिनीशीं ४४ फूट, चार कोपरे मिळून ४० फूट, दाराच्या तीन बाजू १७ फूट व खिडकीच्या चार बाजू १६ फूट. एकूण १६१ फूट. रंगाचे दोन हात द्यावयाचे म्हणजे ३२२ फूट कांठ अरुंद ब्रशानें, हात न हलूं देतां, रेघ सांभाळून रंगवावयाचा.

या हिशेबावरून एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. भिंतीचा मधला भाग कितीही मोठा दिसला तरी तो लवकर उरकतो. वेळ खातात ते कांठ. आणि कांठांहूनही अधिक वेळ जातो तो खोळंब्यांत: शिडी सरकविणें, रंग पुन्हा ओतणें, सांडलेला रंग पुसणें, पाण्याखालीं हत्यारें धुणें. म्हणून ज्या हत्यारानें खोळंबा टळतो तेंच खरें वेळ वाचविणारें हत्यार, मग तें दिसावयास कितीही साधें असो.

ब्रश व रोलर

कांठांकरितां दोन किंवा अडीच इंच रुंदीचा, टोंकाशीं तिरपा कापलेला ब्रश घ्यावा. स्वस्त ब्रशाचे केस रंगांत गळतात व ते एकेक वेंचून काढण्यांत वाचविलेल्या पैशापेक्षां अधिक मोलाचा वेळ जातो. खरेदी करतांना केस पंख्यासारखे पसरून पाहावे. टोंकें बारीक चिरलेलीं असलीं तर रंग गुळगुळीत बसतो. नवा ब्रश वापरण्यापूर्वीं तळहातावर आपटून व धुऊन घ्यावा. पूर्वीं चांगल्या ब्रशाचे केस डुकराचे असत. तेली रंगाला ते अद्यापिही उत्तम. परंतु पाण्याच्या रंगांत ते पाणी पिऊन फुगतात व फांकतात. १९३८ सालीं अमेरिकेंत नायलॉनचे केस लावलेले दांत घासण्याचे ब्रश विक्रीस आले, आणि पुढें अशाच कृत्रिम केसांचे रंगाचे ब्रशही निघाले. इमल्शन किंवा डिस्टेंपरकरितां नायलॉन अथवा पॉलिएस्टरचाच ब्रश घ्यावा, हा साधा नियम लक्षांत ठेवला म्हणजे पुरे.

मधल्या भागाकरितां नऊ इंचांचा रोलर. अमेरिकेंतील शेर्विन-विल्यम्स कंपनीनें १९४१ सालीं 'केम-टोन' नांवाचा पाण्यांत मिसळणारा भिंतींचा रंग बाजारांत आणला आणि त्याच सुमारास तो लावण्याकरितां रोलरही विकण्यास काढला. घरच्या माणसानेंच भिंत रंगवावी, या कल्पनेस तेथून मोठा जोर मिळाला. रोलर जलद कां चालतो, हें समजून घेतलें म्हणजे तो निवडणें सोपें जातें. चार इंची ब्रशाच्या दुपटीहून अधिक रुंदी तर त्याला आहेच. शिवाय त्याचा व्यास अडीच इंच धरला तर सगळा घेर मिळून सुमारें सत्तर चौरस इंच लोकरीची गादी रंग धरून ठेवते. म्हणजे रंगांत बुडविण्याच्या फेऱ्या कमी, म्हणून खोळंबाही कमी.

या लोकरीची लांबी भिंतीप्रमाणें असावी. गुळगुळीत लांबी भरलेल्या भिंतीला ६ ते १० मिलिमीटर, किंचित् खरबरीत भिंतीला १२, आणि दाणेदार गिलाव्याला १८ ते २० मिलिमीटर लांबीची लोकर घ्यावी. गुळगुळीत भिंतीवर लांब लोकर चालविली कीं संत्र्याच्या सालीसारखा पोत उमटतो. खरबरीत भिंतीवर आंखूड लोकर चालविली कीं खळगे कोरे राहतात व पुन्हा ब्रश घेऊन बसावें लागतें. स्वस्त स्पंजाचा रोलर मोठ्या भिंतीवर बुडबुडे उठवितो. दारामागें, कपाटाच्या फटींत वगैरे अडचणीच्या जागीं चार इंचांचा छोटा रोलर फार उपयोगी पडतो.

दांडा, बालदी व चिकटपट्टी

माझ्या सरंजामांत नसलेली आणि सर्वांत उपयोगी ठरलेली वस्तु म्हणजे रोलरच्या मुठींत बसणारा चारपांच फुटांचा दांडा. तो चिरंजीवांनीं तिसऱ्या दिवशीं आणला. दांडा लावला कीं जमिनीवर उभें राहून छतापर्यंत रंग देतां येतो. शिडी केवळ वरच्या कांठाकरितां लागते. शिडीवर चढणें, उतरणें, ती दोन हात सरकविणें व पुन्हा चढणें, हा रंगकामांतला मोठा वेळखाऊ चोर आहे. आणि घाईंत एका बाजूला वांकून हात लांबविण्याचा मोह झाला तर तो हाडें मोडण्याचेंही निमित्त होतो. या दांड्यानें आमचा जितका वेळ वाचला तितका बाकी सर्व हत्यारांनीं मिळून वाचला नसेल.

दुसरी वस्तु बालदी. पत्र्याच्या उथळ तबकांत रंग थोडा मावतो, तें वरचेवर भरावें लागतें आणि केव्हां तरी कोणाचा तरी पाय त्यांत पडतोच. रुंद बालदींत तिरपी जाळी उभी करावी, रोलर बुडवून जाळीवर निथळावा. दोन हातांकरितां आमच्या खोलीस सात लिटर रंग लागला. तो सर्व डब्यांतून एकाच बालदींत ओतून ढवळून घेतला. असें केलें म्हणजे दोन डब्यांच्या छटांत जो सूक्ष्म भेद असतो तो भिंतीवर दिसत नाहीं. किती रंग घ्यावयाचा हें डब्यावर छापलेल्या आंकड्यावरून ठरवावें.

तिसरी वस्तु चिकटपट्टी. हिचा जन्मही घाईच्याच पोटीं झाला. अमेरिकेंतील थ्री-एम कंपनींत काम करणाऱ्या रिचर्ड ड्रू यानें, दुरंगी मोटारी रंगवितांना दोन रंगांमधली रेघ स्वच्छ यावी म्हणून, १९२५ सालीं ती तयार केली. दाराची चौकट, विजेचीं बटणें, लादीची कड येथें ती लावावी. परंतु छताच्या संपूर्ण कडेला ती लावीत बसणें म्हणजे कांठ दोनदां रंगविण्यासारखेंच आहे. हात थोडा स्थिर असेल तर तेथें तिरपा ब्रशच लवकर चालतो. पट्टी काढावयाची ती शेवटचा हात पुरता वाळण्याच्या आधींच, तिरपी व सावकाश. चार दिवस ठेवली तर तिचा डिंक भिंतीला धरतो व पट्टीबरोबर रंगही येतो.

चाकांच्या कांठपट्टीविषयीं मला चांगलें बोलवत नाहीं. चार हात ती उत्तम चालली. नंतर चाकांनाच रंग लागला आणि छतावर दोन समांतर रेघा उमटत गेल्या. ज्यांस चाकें वेळोवेळीं पुसण्याचा धीर आहे त्यांनीं ती खुशाल वापरावी.

रंग उडविण्याचें यंत्र

'रोलरनें तरी एवढा वेळ कशाला? रंग उडविण्याचें यंत्र भाड्यानें आणा,' असा सल्ला देणारा एक तरी आप्त प्रत्येक कुटुंबांत असतोच. ही युक्ति नवी नव्हे. १८९३ सालीं शिकागोला जें जागतिक प्रदर्शन भरलें, त्यांतील अवाढव्य इमारती वेळेवर पांढऱ्या करण्याकरितां दाबलेल्या हवेनें रंग उडविण्यांत आला. राजा रविवर्मा यांचीं दहा चित्रें त्याच प्रदर्शनांत मांडलीं होतीं. म्हणजे बारीक कुंचल्याची करामत आणि रंग उडविणारें यंत्र हीं दोन्ही एकाच प्रदर्शनाच्या कामीं आलीं होतीं, असें म्हणावयास हरकत नाहीं. दोहोंचें काम निरनिराळें होतें, आणि तोच यांतला बोध आहे.

रिकाम्या नव्या घराला, किंवा खिडक्यांच्या गजांना व जाळ्यांना असें यंत्र खरोखर उपयोगी आहे. परंतु राहत्या घरांत त्याचा तुषार कपाटावर, पुस्तकांवर, देवघरावर सर्वत्र बसतो; म्हणून सगळें झांकून, कडा चिकटवून मगच तें सुरू करावें लागतें. रंग उडविण्यास अर्धा तास आणि झांकाझांकीस अर्धा दिवस, वर यंत्राच्या नळ्या धुण्यास आणखी वेळ, असा तो व्यवहार ठरतो. शिवाय भारी दाबानें चालणाऱ्या यंत्राच्या तोंडासमोर बोट आलें तर रंग कातडीच्या आंत घुसतो. जखम टिंबाएवढी दिसते, परंतु तत्काळ शस्त्रक्रिया न झाल्यास बोट गमावण्याची पाळी येते. सवय नसलेल्या माणसानें या यंत्राच्या वाटेस जाऊं नये, हें उत्तम.

कामाचा क्रम

हत्यारें योग्य असलीं तरी क्रम चुकला तर वेळ जातोच. आधीं छत, मग भिंती, शेवटीं दारें व चौकटी. भिंतीवर दोघांनीं जोडीनें काम करावें: एकानें कांठ रंगवीत चारपांच फूट पुढें राहावें, दुसऱ्यानें तो कांठ ओला आहे तोंच मागून रोलर फिरवावा. ओल्यांत ओला मिसळला म्हणजे सांधा दिसत नाहीं. कांठ वाळल्यावर रोलर फिरविला तर चौकटीसारखी पट्टी दिसूं लागते व ती झांकण्यास तिसरा हात द्यावा लागतो. पंख्याचा वारा ओल्या भिंतीवर सरळ घेऊं नये. कड लवकर वाळून हाच दोष उत्पन्न होतो. रोलर भिंतीवर दाबूं नये. रंग संपत आला म्हणजे दाबण्याची इच्छा होते, परंतु ती बालदीकडे वळण्याची सूचना समजावी. प्रथम नागमोडी फिरवून रंग पसरावा व शेवटचा हात वरून खालीं एकाच दिशेनें हलकेच ओढावा.

दोन हातांमध्यें डब्यावर सांगितलेला वेळ पुरता जाऊं द्यावा. पावसाळी हवेंत त्याहूनही थोडा अधिक. तेवढ्याकरितां रोलर व ब्रश धूत बसण्याचें मात्र कारण नाहीं. ते प्लास्टिकच्या पिशवींत घट्ट गुंडाळून तोंड बांधून ठेवले कीं पाण्याचा रंग दुसऱ्या सकाळपर्यंत ओला राहतो. रोज संध्याकाळीं आमचा यांत अर्धा तास वाचला. सगळें काम संपल्यावर मात्र हत्यारें स्वच्छ धुऊन, ब्रशाचे केस सरळ करून, टांगून वाळवावीं. पुढच्या वेळीं बाजाराची एक फेरी वांचते.

आमची खोली आठव्या दिवशीं पुरी झाली. चार दिवस भिंत व चौकटी तयार करण्यांत, एक अस्तराच्या हातांत आणि दोन दिवस रंगाच्या दोन हातांत गेले; उरलेला एक दिवस माझ्या घाईनें खाल्ला. साखरपुड्याच्या सकाळीं मातोश्री बाळाला कडेवर घेऊन खोलींत आल्या. त्यानें दोन्ही हात खिडकीच्या चौकटीवर ठेवले आणि, त्याच्या सवयीप्रमाणें, गजाला तोंड लावलें. कोणीही धांवत जाऊन त्याला मागें ओढलें नाहीं.

तेव्हां ज्या गृहस्थांस किंवा गृहिणींस खोली लवकर रंगवून काढावयाची असेल, त्यांनीं दोन पत्त्या, वॉटर पेपर, एक उत्तम तिरपा ब्रश, भिंतीच्या पोताप्रमाणें लोकरीचा रोलर, त्याला दांडा, जाळीची बालदी व थोडी चिकटपट्टी एवढींच साधनें घ्यावीं. जुना तेली रंग असल्यास तेथें घाई मुळींच करूं नये. आणि बाजारांत जाण्यापूर्वीं भिंतीवरून एकदां तळहात फिरवून पाहावा.